दोरी ते कपाट

वरोऱ्याचं मे महिन्यातलं ऊन कपडे वाळवण्यात उधारी ठेवत नाही. पारा ४६-४७ वर गेला की बादलीतला शेवटचा टॉवेल दोरीवर पडेपर्यंत पहिल्या बनियनचा पापड झालेला असतो. धुणं मशीन करतं, वाळवणं सूर्य करतो. माणसाकडे उरतं ते फक्त दोरीपासून कपाटापर्यंत नेणं. आणि घोडं अडतं ते नेमकं तिथेच. कपडे काखेतून येतात आणि दिवाणावर मुक्काम ठोकतात. पाहुणे आले की ढीग आतल्या खुर्चीवर, खुर्चीवर बसायचं असलं की पलंगावर, झोपायचं असलं की परत खुर्चीवर. रोज सकाळी त्यातूनच शर्ट उपसायचा. काही शर्टांनी कपाट आतून पाहिलेलंच नसतं.

"कपडे काढले का?"

"काढले न."

"मग ठेवले काहून नाही?"

याला उत्तर नसतं.

बरं, दोरीवरच राहू द्यावेत, तर ऊन रंग खातं. शिवाय वरोऱ्याचं कोळशाशी नातं १८७०च्या दशकातल्या खाणीपासूनचं. पांढरा सदरा इथे बाहेर विसरू नये.

गावालगतच आनंदवन आहे. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली; तिच्या या वसाहतीत चादरी, टॉवेल, सतरंज्या विणल्या जातात. तिथली नवी चादर हातात घेऊन पाहा: काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. एकदा धुतली की ती घडी पुन्हा बसत नाही, असं लोक म्हणतात. बसते. ढिगात पडायच्या आधी घातली पाहिजे, एवढंच.

म्हणून घडी दोरीपाशीच घालावी. वाळत घालतानाच एकेकाचे कपडे शेजारी-शेजारी टाकले, की काढताना वेगळे करत बसावं लागत नाही. सुती कापड उन्हाने गरम असतानाच तळहाताने दाबलं, तर रोजच्या वापराला इस्त्रीही लागत नाही. ज्याच्या घड्या त्याने आपल्या कप्प्यात न्याव्या. शाळेत जाणाऱ्या पोरालाही हे जमतं. पावसाळ्यात मात्र घाई नको. जीन्सचे खिसे आणि कमरेचं इलॅस्टिक चाचपून पाहावं, कारण एक दमट पँट अख्ख्या कप्प्याला कुबट करते.

मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. तेव्हा घरात भांडायचंच असेल, तर चादरी आत आल्यावर भांडा.