विरघळलंय की फुगलंय?

मे महिन्यातल्या भर दुपारी अंगात स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी घातलेला माणूस पुण्यातल्या एखाद्या जीवरसायनाच्या लॅबमध्ये दिसला, तर दचकू नका. ते दादा. कोल्ड रूममधून आत्ताच बाहेर आलेत, चहा घेऊन पुन्हा आत जाणार आहेत. प्रत्येक जुन्या लॅबमध्ये असा एक दादा असतोच. हुद्दा तांत्रिक सहायकाचा, पदवी बी.एस्सी. पण कोलॅजन विरघळवायचं निघालं की विभागप्रमुखसुद्धा "जरा दादांना विचार" म्हणून मोकळे होतात.

विचारावं तर सरळ उत्तर मिळत नाही.

"दादा, कोलॅजन कशात विरघळतं?"

"कुणाचं?"

उंदराच्या शेपटीचं, माशाच्या कातडीचं, की गाईच्या टाचेचं? जनावर कोवळं होतं की म्हातारं? आणि विरघळवून पुढे त्याचं करणार काय, पेशी वाढवणार की धागे काढणार? पोरगं बिचारं बाटली पुढे करतं. दादा चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचतात आणि मान हलवतात. गाईच्या टाचेच्या कंडरेचं कोलॅजन. वयात आलेल्या जनावराच्या कोलॅजनचे रेणू एकमेकांना पक्के बांधलेले असतात, ॲसिडात ते विरघळत नाहीत. "आधी माल बघायचा, मग द्राव. तुम्ही लोक आधी बिल पास करता!"

मागे एका नव्या मुलीने पीएच ७.४चा फॉस्फेट बफर घेतला होता. शरीरात चालतो, म्हणजे इथेही चालेल, असा तिचा हिशोब. दुसऱ्या दिवशी तंतू तळाशी जसेच्या तसे. दादा म्हणाले, "अगं, कोलॅजन असं विरघळायला लागलं असतं तर तू आंघोळीहून परत आली असतीस का?" मुलगी हसली, मग खट्टू झाली. तेव्हा दादांनी तिला स्टूल दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. ॲसिडात कोलॅजनच्या रेणूंवर धन भार वाढतो, ते एकमेकांना दूर ढकलतात, कच्चे बंध सुटतात आणि तंतू मोकळे होतात. म्हणून ०.५ मोलर ॲसेटिक ॲसिड. लिटरला साधारण २९ मिली ग्लेशियल, म्हणजे बाजारातल्या व्हिनेगरपेक्षाही फिकं. मिलीलिटरला एक ते तीन मिलिग्रॅम कोलॅजन, ४ अंश तापमान, स्टरर अगदी हळू. आणि दोन-तीन दिवस गप्प बसायचं. हा शेवटचा घटक कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळत नाही, असं दादांचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी तपासणी. दादा बीकर ट्यूबलाइटसमोर धरतात, तिरका करतात, काचेवरून उतरणारा थर निरखतात. मग तो प्रश्न येतो, ज्याला सगळी लॅब टरकून असते: "विरघळलंय की नुसतं फुगलंय?" कारण ॲसिडात तंतू पाणी पिऊन इतके पारदर्शक होतात की डोळ्यांना पत्ता लागत नाही. "साबुदाणा भिजला म्हणजे विरघळला म्हणशील का?" सेंट्रिफ्यूज करायचं. तळाशी गोळा बसला तर फुगलेलं. मग पेप्सिन घालायचं. ते रेणूची फक्त टोकं कुरतडतं, मधल्या तिपेडी वेणीला हात लावत नाही. पेप्सिनचं कौतुक दादा इतक्या मायेने करतात की एखाद्याला वाटावं, त्यांच्या भाच्याविषयी चाललंय.

हा प्रश्न त्यांनी पुढे सगळ्याच गोष्टींना लावला. दोनशे पानांचा प्रबंध हातात घेऊन वजन पाहिल्यासारखं करतात आणि विचारतात, "विरघळलंय की फुगलंय?" पाहुण्या वक्त्याच्या भाषणानंतरही हेच, पण हळू आवाजात.

दादांचा शत्रू एकच, उष्णता. स्टररच्या हीटरच्या बटणावर त्यांनी आडव्यातिडव्या चिकटपट्ट्या मारून ठेवल्यात. एकाने त्या सोलून बीकर गरम केला, तासाभरात द्रावण नितळ. पोरगा खूश! दादा म्हणाले, "छान. आता साखर आणि इसेन्स घाल." वेणी उलगडली की उरतं ते जिलेटिन.

परदेशातून आलेल्या एका पोस्टडॉकने हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉल आणलं होतं. जहाल, महाग, पण कोलॅजन त्यात भराभर विरघळतं आणि त्याचे नॅनोधागेही सुंदर निघतात. दादांनी फोटो पाहिले, "वा साहेब" म्हणाले आणि कपाटातून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. २००८ साली 'बायोमटेरियल्स'मध्ये आलेला शोधनिबंध. त्याच्या शीर्षकातच शंका आहे की हा जिलेटिन बनवायचा महागडा मार्ग तर नव्हे? साहेब दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोल्ड रूममध्ये दोन माकडटोप्या दिसल्या.

चहा लांबला की दादा १९५४ सालात जातात. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कोलॅजनची तिपेडी रचना मांडली, त्या कामात कांगारूच्या शेपटीचं कोलॅजन होतं, हे ते असं सांगतात की ती शेपटी जणू यांनीच धरली होती. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तरी कुणी मध्ये तोडत नाही, कारण त्या वेळी बिस्किटं दादांकडून असतात.

घरी गेल्यावर वहिनी नुसत्या वासावरून ओळखतात, "आज ॲसिड का?" लोणचं त्यांच्या घरात व्हिनेगरचं कधीच होत नाही.

बुधवारी कोलॅजन टाकायचं नाही, असाही एक दंडक आहे. नवी पोरं त्याला अंधश्रद्धा म्हणतात. पण आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी, आणि जनरेटरची लाइन कोल्ड रूमपर्यंत कुणी ओढलेली नाही. त्यासाठीचे दादांचे अर्ज एका फायलीत आहेत. फाइल चांगलीच फुगलेली आहे.

येत्या जूनमध्ये दादा निवृत्त होताहेत. कुणाला कोलॅजन विरघळवायचं असेल तर त्याआधी या. बाटलीवरचं लेबल वाचून या, हाताशी तीन दिवस ठेवा आणि सोमवार गाठा.