शाळेचा सातबारा

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेल्या मनुष्याची सेवानिवृत्तीनंतर आप्तस्वकीयांना दोनच प्रसंगी आठवण होते: वारसनोंद करावयाची असते तेव्हा आणि मुलाला शाळेत घालावयाचे असते तेव्हा. पहिल्या प्रसंगाशी माझा संबंध उघड आहे. दुसऱ्याशी तो असा की, ज्याला शासकीय परिपत्रकाची भाषा कळते त्याला भूतलावरील कोणताही अर्ज भरता येतो, असा आमच्या कुळात पिढीजात समज आहे. त्या समजास अनुसरून, माझी भाची बेंगळुरूचे बिऱ्हाड मोडून पुण्यास आली तेव्हा सामानाचा टेंपो पुरता रिकामा होण्यापूर्वीच तिने मला दूरध्वनी करून विचारले, "मामा, चिऊला पहिलीत घालायचंय. इथे शाळा किती प्रकारच्या असतात, तेवढं सांग ना पटकन."

'पटकन' या शब्दाने मी घायाळ झालो. मिरासी, उपरी, इनाम, वतन आणि सरंजाम यांतील भेद ज्याने तीस-पस्तीस वर्षे दप्तरात बसून पचवले, त्यालाही जो विषय एका बैठकीत उरकत नाही, तो ही मुलगी टेंपोवाल्याशी हुज्जत घालता घालता उरकू पाहत होती!

माझ्या वडिलांच्या काळी हे सारे पुष्कळ सोपे होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नव्हे. त्या काळी मराठी चौथी झालेला मुलगा इंग्रजी पहिलीत जाई, आणि इंग्रजी पाचवीत असलेल्या जावयाला सासुरवाडीची मंडळी दुसऱ्या प्रांतातील पाहुण्यांसमोर 'पाचवीत आहे' असे सांगू धजत नसत. जो इंग्रजीच्या वाटेला न जाता मराठी सातवीपर्यंत तगून व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होई, तो प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होऊन गावात मान मिळवी. पुढे अकरावीचे मॅट्रिक आले, आणि १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा होऊन ते मॅट्रिकही मागे पडले. तात्पर्य, गोंधळ ही आपली वडिलोपार्जित मिळकत आहे. अलीकडच्या पिढीने तिच्यात भर घातली, इतकेच.

मी भाचीला सांगितले, "शाळेच्या फलकावर जाऊ नकोस. जमिनीचा उतारा वाचतात तशी शाळा वाच. मालक कोण, पीक कोणते, कसतो कोण आणि बोजा कोणाचा, ही चार उत्तरे मिळाली की शाळेची जात कळली."

मालकाचा रकाना लांबलचक असला तरी सरळ आहे. खेड्यात जिल्हा परिषद, शहरात महानगरपालिका, छावणीत कटक मंडळ, डोंगराळ मुलखात आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा. एकटी मुंबई महानगरपालिका मराठीपासून तमिळ, तेलुगू, कन्नडपर्यंत आठ भाषांतून शाळा चालवते, हे ऐकून भाची चकित झाली. बेंगळुरूचा तिचा कन्नड शेजारी मुंबईस बदलून गेला तर त्याची सोय आहे आणि पुण्यात तिची नाही, असे तिला वाटू लागले. केंद्र सरकारच्या केंद्रीय विद्यालयांत बदलीपात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना अग्रक्रम. आमचे जावई संगणकावर परदेशी बँकेची कामे करतात, आणि त्यांची बदली झालीच तर दिवाणखान्यातून शयनगृहात होते. नवोदय विद्यालय किंवा १९६१ सालापासूनची साताऱ्याची सैनिकी शाळा घ्यावी, तर तेथे प्रवेश सहावीपासून. चिऊचे समोरचे दोन दात नुकतेच पडले होते.

खरा ऐवज आहे तो बोजाच्या रकान्यात, म्हणजे मास्तरांचा पगार कोण देतो या प्रश्नात. १८५४ साली वुडसाहेबांच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची तजवीज केली, आणि त्या दिवसापासून इमारत संस्थेची, मास्तर संस्थेने नेमलेला, परंतु त्याचे वेतन सरकारच्या तिजोरीतून, असा एक त्रिस्थळी संसार सुरू झाला. त्याला अनुदानित शाळा म्हणतात. ज्यांना हे भाग्य लाभले नाही त्या विनाअनुदानित. पुढे तिजोरीचा तळ दिसू लागल्यावर शासनाने 'कायम विनाअनुदानित' ही तिसरी जात निर्माण केली. या शाळांना मान्यताच मुळी 'पैसे कधीही मागणार नाही' या बोलीवर मिळे. मागाहून मास्तरमंडळी उपोषणास बसू लागली, आणि २००९ साली सरकारने दयार्द्र होऊन 'कायम' तेवढे खोडून टाकले. पैसे मात्र त्या खोडण्याबरोबर आले नाहीत. ते पुढे कित्येक वर्षांनी वीस टक्के, मग चाळीस टक्के, अशा टप्प्याटप्प्याने येऊ लागले, आणि प्रत्येक टप्प्यासाठी मास्तरांना आझाद मैदानावर सतरंजी अंथरावी लागली.

याचा दाखला मी एका शाळेच्या शिक्षकदालनात प्रत्यक्ष पाहिला. एकाच बाकावर दोन गृहस्थ बसले होते. दोघांचे वय सारखे, विषय भूगोल, हातातील खडूही एकाच खोक्यातले; पण एक अनुदानित 'अ' तुकडीवर होता आणि दुसरा टप्प्यावरच्या 'ड' तुकडीवर. शिपायाने माझी ओळख करून देताना सांगितले, "हे सर शंभर टक्के, अन् हे चाळीस." आमच्या लहानपणी टक्के विद्यार्थ्यांना पडत असत. चाळीस टक्क्यांच्या सरांनी सर्वांच्या चहाचे पैसे दिले, आणि शंभर टक्क्यांच्या सरांनी ते देऊ दिले, हेही मी नोंदवून ठेवले आहे.

या सर्वांच्या पलीकडे आहेत त्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा. यांच्यासाठी २०१२ चा स्वतंत्र अधिनियम आहे. हे भारदस्त नाव ऐकून भाचीला वाटले की शाळा स्वतःला अर्थसाहाय्य करीत असेल. मी तिला शुल्काचे पत्रक नीट वाचावयास सांगितले. बोजा कोणाच्या नावे चढतो ते तिला दुसऱ्या ओळीतच कळले.

पिकाच्या बाबतीत मी फार बोललो नाही. मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम, आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून व उरलेले आयुष्य मराठीतून असा सेमी इंग्रजीचा तोडगा, हे तिला ठाऊक होते. राहता राहिली मंडळे: काहींचा हुकूम पुण्याहून सुटतो, काहींचा दिल्लीहून, आणि ज्यांची शुल्के ऐकून घाम फुटतो त्यांचा केंब्रिज किंवा जिनिव्हाहून. मात्र एका शाळेच्या कमानीवर 'इंटरनॅशनल' अशी सोनेरी अक्षरे, खाली पृथ्वीचा गोल, आणि त्याही खाली रंग उडालेल्या बारीक टाइपात राज्य मंडळाचा संलग्नता क्रमांक व अकरा आकड्यांचा यूडायस पाहिला, तेव्हा मी भाचीला त्या आकड्यातील पहिले दोन दाखवले. ते सत्तावीस होते. सत्तावीस म्हणजे महाराष्ट्र. त्यापुढे जिल्हा, तालुका, गाव असे करीत तो आकडा शाळेला तिच्या घरी आणून सोडतो.

आणि कसतो कोण? हा रकाना भरताना माझी लेखणी अडखळली. अकरावी-बारावीत मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, आणि मूल सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवणीवर्गात. या व्यवस्थेस 'इंटिग्रेटेड' म्हणतात. जमिनीच्या बाबतीत असे आढळले असते तर आम्ही पंचनामा केला असता. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे जशी मालक झाली, तसा कायदा उद्या शिक्षणाला लागू केला, तर कित्येक नामवंत महाविद्यालयांचा उतारा शिकवणीवाल्यांच्या नावे लिहावा लागेल.

अखेर घरापासून चालत जाण्याजोगी, खासगी, अनुदानित, मराठी माध्यमाची एक शाळा भाचीने निवडली. मी निवडली, असे मी म्हणतो. शाळेच्या आवारात चिंचेचे झाड होते म्हणून चिऊने निवडली, असे आमच्या सौभाग्यवती म्हणतात. अर्ज दाखल करण्यास आम्ही सहकुटुंब गेलो. खिडकीपलीकडील कारकुनाने जन्मदाखला, आधार आणि पत्त्याचा पुरावा एकेक करून तपासला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारले, "आपण मुलीचे कोण?"

"आईचा मामा. महसूल खात्यातून निवृत्त."

त्यांनी नमुना उलटसुलट पाहिला. "आई, वडील, पालक. चौथा रकाना नाही. आपण बाहेर बसा."

हुकूम नियमास धरून होता. मी कारकुनाला नमस्कार करून बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. तेथे आधीच तीन आजोबा आणि एक आत्याबाई बसल्या होत्या, आणि त्या आत्याबाई मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होत्या की, विनाअनुदानित म्हणजे जिथे डोनेशन घेत नाहीत ती शाळा.