अग्रज, कुसुम

आमची भाची मराठीत पीएचडी करते. चार वर्षं वाचन झालं, दीड वर्ष लेखन झालं आणि गेले सहा महिने ती स्वल्पविराम हलवतेय. गाईडसरांनी प्रबंध मागून उघडला, म्हणजे संदर्भसूचीपासून. तिथून ते अजून हललेले नाहीत.

सरांचा नियम साधा : आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. भाचीने सरळ 'कुसुमाग्रज' लिहिलं होतं. त्याभोवती लाल गोल आणि शेरा : 'आडनाव?'

"सर, टोपणनाव आहे. शिरवाडकर."

"मुखपृष्ठावर शिरवाडकर छापलंय?"

"नाही."

"मग छापलंय तेच घ्या. पण नियमात बसवून."

कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याने दोन मिनिटांत बसवलं : 'अग्रज, कुसुम (१९४२). विशाखा.' त्याच्याखाली 'अग्रज, गोविंद', म्हणजे आपले राम गणेश गडकरी. एकाच्या पाठची कुसुम, दुसऱ्याच्या पाठचा गोविंद. सूचीत मात्र दोघे थोरले एकाच घरचे निघाले.

काहीही न तोडता नियमात बसलं ते एकच नाव : 'प्रभू, आरती'. सर खूश. समासात त्यांनी सूचना लिहिली, 'या बाईंना स्त्री-साहित्याच्या उपविभागात हलवा.' चिं. त्र्यं. खानोलकर निमूट हलले. भाचीही काही बोलली नाही. सही बाकी होती.

एवढ्यात कळलं की हे सगळं एपीए शैलीच्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे चाललंय. ही शैली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची. १९२९ साली त्यांच्या सूचना सात पानांत मावत होत्या, आता पुस्तक चारशे पानांच्या वर गेलंय. २०१९च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशकाचं गाव लिहिणं बंद केलं. मराठी सूचीत गाव म्हणजे बहुतेक वेळा पुणेच. भाची दोन रात्री नुसतं 'पुणे' खोडत बसली होती. (ती कोल्हापूरची, त्यामुळे फारसं दुःख झालं नाही.)

अखेर सही मिळाली. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे वाङ्मयचौर्य तपासताना संदर्भसूची वगळतात. त्यामुळे ती उचलायला कोणी भीत नाही. भाचीची सूची विभागातल्या तिघांनी जशीच्या तशी घेतली आहे. तिन्ही प्रबंधांत आरतीबाई स्त्री-साहित्यातच आहेत.