मागून बसलेली गाडी

पिकअपच्या मागच्या कमानीत दोन पाटे वाढवले की मालकाची छातीही तेवढीच वर येते, असा प्रस्तुत लेखकाचा ठाम समज होता. लेखक पेशाने प्राध्यापक, मुक्काम लातूर. पिकअप शेतीसाठी घेतलेली, जुनी, रंगाने एकेकाळी पांढरी. वर्षभर ती सोयाबीन आणि तूर आडतीवर पोचवायची आणि तिच्याविषयी कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग लेखकाने मोबाइलवर ऑस्ट्रेलियातली माणसं पाहिली. ती अशाच गाडीच्या हौद्यात तंबू, गादी, फ्रीज आणि शेगडी रचतात, मागच्या एक्सलवर हवेचे फुगे बसवतात आणि निर्मनुष्य वाळवंटात जाऊन सूर्यास्ताकडे पाठ करून फोटो काढतात. लेखकाने लगोलग खाकी रंगाची, आठ खिशांची विजार विकत घेतली. खिशांत काय ठेवायचं हे अजून ठरलेलं नव्हतं.

बेत सहस्रकुंडचा होता. पैनगंगेचा धबधबा, भोवती किनवटचं जंगल, आणि पुढे पिवळ्या उजेडात एकटीच उभी पिकअप. आत्याने नकाशाकडे न बघताच तो मोडला.

“मुक्कामालाच जायचंय न्हवं? मग माळेगावला चल. देवबी होतंय, मुक्कामबी होतंय.”

आत्याच्या बोलण्याला पंचांगाचा आधार होता. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावात खंडोबाची पालखी निघते आणि जत्रा उभी राहते, आणि तिला लागूनच वेळ अमावस्या येते. म्हणजे एक रात्र लोह्याच्या पुढे माळेगावच्या माळावर पालात, आणि दुसरा दिवस अहमदपूरकडच्या आपल्याच रानात, कडब्याच्या कोपीत. नांदेडहून लातूरला येणाऱ्या एकाच रस्त्यावर दोन्ही मुक्काम ओळीने लागतात. ऑस्ट्रेलियाकडे वाळवंट आहे, पण असं पंचांग नाही.

पंचांग जमलं, सामान जमेना. रंगीत तालीम म्हणून अंगणातच गाडी भरायला घेतली. लेखकाच्या यादीत एक तंबू, घडीच्या दोन खुर्च्या आणि कॉफीची किटली एवढंच होतं. आत्याच्या यादीत ताडपत्री, बल्ल्या, जाजम, वाकळा, पितळी पातेली, तवे, ज्वारी-बाजरीचं पीठ, गुळाची ढेप, भज्जीसाठी तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे सोललेले दाणे, आंबिलाची बिंदगी, गॅसची टाकी आणि गॅस संपलाच तर म्हणून जळण. नांदेडहून दाजींनी बाज पाठवली, कारण त्यांना जमिनीवर झोप येत नाही. बाजेला सोबत म्हणून एक कपाटही येणार होतं, ते बहिणीने दाराशी अडवलं असं नंतर कळलं.

आणि पाणी. लातूरकर कुठेही निघाला की आधी पाणी भरतो, आणि त्याला हसण्याआधी २०१६ आठवावं. त्या मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर. ज्यांनी तेव्हा घागरी घेऊन रात्री जागवल्या, त्यांना ‘तिथं पाणी मिळतं’ असं सांगून उपयोग नसतो. आत्याने दोनशे-दोनशे लिटरचे दोन ड्रम काठोकाठ भरून घेतले आणि हौद्याच्या अगदी शेवटाला, फाळक्याला टेकवून ठेवायला लावले. तोटी बाहेर, तांब्या बाहेर, चढ-उतर नको.

गाडी मागून बसली. नुसती बसली नाही, फतकल मारून बसली. पुढचं तोंड वर, आणि दिवे लावून पाहिले तर उजेड थेट समोरच्या चिंचेच्या शेंड्यावर. त्या उजेडात एक घुबड लेखकाकडे बघत होतं.

पाटे वाढवायची वेळ आली होती, आणि लेखकाला मनातून आनंद झाला होता. नव्या विजारीत तो बार्शी रस्त्यावरच्या चाचा मिस्त्रींकडे गेला आणि स्प्रिंग रेट, लोड हेल्पर, एअर बॅग असे शब्द टाकू लागला. चाचा ऐकत ऐकत गाडीखाली सरकले. आतून हातोडीचे आवाज आले: ठण, ठण, भद्द, ठण. बाहेर येऊन त्यांनी हात पुसले.

“दो पाटे डाल देतूं सर, मगर खाली गाडी में बैठिंगे कैसा?”

या एका वाक्यात पाट्यांचं सगळं शास्त्र होतं. पाट्यांचा जुडगा म्हणजे भाकऱ्यांची उतरती चवड. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे, खाली एकापेक्षा एक आखूड पाटे, मधून सेंटर बोल्ट आणि बाजूंनी यू-बोल्ट. वजन पडलं की कमान सरळ होते, पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच काही हिसका जिरतो. पाटा वाढवला की कमान ताठ होते. भरल्या गाडीला ते मानवतं, रिकाम्या गाडीत मात्र प्रत्येक खड्डा परस्पर मणक्याला कळतो. हेल्पर पाटा त्यातल्या त्यात समजूतदार, तो भार आल्यावरच टेकतो. हवेचे फुगे चेसिस आणि एक्सल यांच्या मध्ये बसतात. त्यांत हवा कमी-जास्त करता येते, पण भार चेसिसच्या एकाच जागी येतो. आणि यातल्या कशानेही एक्सल, ब्रेक, बेअरिंग, टायर यांची ताकद तसूभर वाढत नाही. कंपनीने ठरवून दिलेलं एकूण वजन तेच राहतं. काही गाड्यांत तर मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो मागची बाजू किती दबली ते बघतो. पाटे वाढवून मागची बाजू उंच राहिली की त्याला गाडी रिकामी वाटते, आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक हात आखडता घेतो.

चाचांच्या एका वाक्याचा एवढा परिच्छेद झाला, कारण लेखक प्राध्यापक आहे. तास संपेपर्यंत बोलत राहण्याची सवय आहे.

त्यातून पाट्यावर आला की त्याला आवरणं कठीण. इंग्लंडात ओबादिया इलियट नावाच्या बग्ग्या बनवणाऱ्या कारागिराने १८०४ च्या सुमारास घोडागाडीखाली कमानी बसवल्या आणि तिथल्या उमरावांच्या मणक्यांना सुट्टी मिळाली. त्या कमानी फिरत फिरत आपल्या टांग्याखाली आल्या. बैलगाडीला मात्र त्या मिळाल्या नाहीत. मराठवाड्यातला शेतकरी कित्येक पिढ्या थेट आसावर बसून लग्नाला गेला, बाजाराला गेला, दवाखान्यातही गेला. पुढे ट्रक आले, कमानीचे पाटे झाले, आणि इथून पाट्याची खरी गोष्ट सुरू होते, कारण पाटा गाडीखाली मरत नाही. मोडला की तो भंगारात जातो आणि तिथून लोहाराच्या भात्यापाशी. हे साधं लोखंड नव्हे. त्यात सिलिकॉन आणि मँगेनीज असतं, लाखो वेळा वाकून पुन्हा सरळ व्हायचा त्याचा धर्म असतो. असं पोलाद गावच्या लोहाराला नवं घेऊन परवडत नाही, जुनं मिळालं तर तो सोडत नाही. रस्त्याकडेला पाल टाकलेला घिसाडी पाटा लालभडक तापवतो, त्याची बायको घण मारते, आणि पाट्याचं खुरपं होतं, विळा होतो, कुऱ्हाड होते. शेवटी पाणी देतात तेव्हा चर्र आवाज येतो. लेखकाने हा आवाज ऐकत उभं राहण्यात आयुष्याचा बराच भाग घालवला आहे आणि घरचे लोक त्याला त्याबद्दल बोलले आहेत. घरातली विळी पाट्याची आहे, रानातली कुऱ्हाड पाट्याची आहे, हे तो पाहुण्यांना चहाआधी सांगतो. आणि चांगला कोयता तर पाट्याचाच, असं ऊस तोडणारा कुणीही सांगेल.

कोयत्याचं नाव त्या दिवशी आत्यानेही काढलं, वेगळ्या कारणाने. सामानावर जाजम टाकून सगळ्यांनी मागे बसायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. मालवाहू गाडीत माणसं नेता येत नाहीत, असं लेखक म्हणाला. आत्या म्हणाली, “कोयत्याची अख्खी टोळी जातीय की गाडीत. त्यांना कोण काय म्हणायलंय?”

कुणी काही म्हणत नाही, हे खरं. नाव सगळे बीडचं घेतात, पण ऊसतोडीचा हंगाम आला की कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूरच्या वाड्या-तांड्यांवरूनही गाड्या भरतात. कुठे ट्रक, कुठे ट्रॅक्टर, कुठे पिकअप. आत काय असतं? ताडपत्री, बल्ल्या, वाकळा, पातेली, पीठ, जळण. आत्याच्या यादीशी ही यादी जवळजवळ ओळीने जुळते. वर लहान मुलं, एखादी शेळी, दोन कोंबड्या. मुक्काम मात्र पाच-सहा महिन्यांचा, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, फडाशेजारच्या कोपीत. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. रात्री गाडी उलटली की बातमीत चालकाचा डुलका येतो, रस्त्याचं वळण येतं. शाळकरी मुलं पातेल्यांच्या मध्ये का बसली होती, हे क्वचितच येतं. जादा मालाला १ सप्टेंबर २०१९ पासून २० हजार रुपये दंड आहे, वर जादा प्रत्येक टनाला २ हजार. मालाचं मोल कायद्याने नीट ठरवलं आहे. या जागी लेखकाला राग येतो, आणि राग आला की त्याला विनोद सुचत नाही, म्हणून त्याने एवढंच केलं की माणसांना मागे बसू दिलं नाही. आत्या रुसली आणि तिने एसटीच्या जादा गाडीची चौकशी सुरू केली.

“पाटे बाद में, पहले काटा,” असं चाचांचं म्हणणं पडलं. गाडी भरल्या बिऱ्हाडानिशी मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर गेली. पुढे सोयाबीनचा ट्रक, मागे सरकीचा टेम्पो, मध्ये बाज. काटेवाल्याने विचारलं, “माल काय लिहू?”

“कॅम्पिंगचं साहित्य.”

त्याने बाजेकडे पाहिलं, बिंदगीकडे पाहिलं, जळणाकडे पाहिलं आणि पावतीवर लिहिलं: ‘किरकोळ’.

किरकोळ माल भरला साडेनऊशे किलो. गाडी १.३ टनाची. म्हणजे पाटे वाढवण्याजोगा भारच नव्हता! मग फक्त मागची चाकं काट्यावर घेतली तेव्हा दुखणं सापडलं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर धरा आणि ड्रम मागच्या एक्सलच्या १ मीटर मागे. त्या ४०० किलो पाण्याचे मागच्या चाकांवर ५३३ किलो पडतात आणि पुढची चाकं १३३ किलोंनी हलकी होतात. घुबडाला दिवे दाखवणारे ते हेच १३३ किलो. भरीला तिसरा पाटा तडकलेला आणि बाकीचे वर्षानुवर्षं सोयाबीन वाहून सपाट झालेले.

चाचांनी तडकलेला पाटा बदलला, बाकीच्यांना पुन्हा कमान दिली, बुश बदलले, यू-बोल्ट आवळले आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा आवळून घ्यायला बजावलं. ड्रम केबिनच्या पाठीला सरकले. गाडी सरळ उभी राहिली. वाढीव पाटा नाही, फुगे नाहीत, हेल्पर नाही. ऑस्ट्रेलियात दाखवण्याजोगं काहीच घडलं नाही. शेवटी लेखकाने नवा पाटा तरी पिवळा रंगवून मागितला. बाहेरून तो दिसत नाही, असं चाचा म्हणाले. वाकून पाहिलं तर दिसतो, असं लेखक म्हणाला.

माळेगावात कुणी वाकलं नाही. आजूबाजूला शेकडो गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीत कुणाची तरी आत्या बाज घेऊन आली होती. घोडे, गाढवं, उंट, धुळीत बुडालेले तमाशाचे तंबू, आणि सगळ्यांच्या वरून उडणारा भंडारा. आत्या एसटीने लेखकाच्या आधी पोचून जागा धरून बसली होती. खाकी विजार पाहून एका शेतकऱ्याने अदबीने विचारलं, “साहेब, पशुसंवर्धनचे का?” लेखकाने नाही म्हणायला थोडा उशीर लावला.

सकाळी दाजी एक तांबडं तट्टू घेऊन पालापाशी आले. मागे त्याचा व्यापारी.

“मेव्हणे, ड्रम तर रिकामे झाले. तेवढ्या वजनात हे बसतंय की.”

लेखकाने समजावून सांगितलं. पाणी ड्रममध्ये राहतं, घोडं हौद्यात उभं राहतं, वळणावर एका बाजूला रेलतं, सगळा भार उंचावर जातो, पाटे एकीकडचेच दबतात. तोंड पुढे करून, आखूड बांधून, खाली कडबा अंथरून, आणि आधी वजन कळलं तर बघता येईल. त्याने व्यापाऱ्याला वजन विचारलं.

“वजन?” व्यापारी म्हणाला. “घोडं काय सोयाबीन हाय व्हय, साहेब? दात बघा. भोवरा बघा.”

भोवती माणसं जमली होती, त्यांत कालचा तो अदबशीर शेतकरीही होता आणि शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगत होता. लेखकाने तट्टाचा वरचा ओठ उचलला, दात एकदा डावीकडून पाहिले, एकदा उजवीकडून पाहिले, आणि “हं” म्हणाला.

दाजींनी तिथल्या तिथे इसार दिला.