टक्क्यांची शाकारणी

पावसावर पैज लावणारे गावोगाव असतात. मी त्यांच्यातला नव्हे. पावसाचा एप्रिलमधला अंदाज मे-अखेर किती बदलेल, यावर मी पैज लावतो. हे ऐकल्यावर तारकर्लीतली माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग आमच्या सौ.कडे.

खूळ मूळचं माझं नाही, फ्लोरिडातल्या भाच्याचं. अटलांटिकमध्ये यंदा किती वादळं होणार ते तिकडे कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी १९८४पासून सांगत आली आहे. हल्ली एप्रिलमध्ये एक आकडा देतात आणि जून, जुलै, ऑगस्टमध्ये तो दुरुस्त करतात. २०२४ साली एप्रिलमध्ये २३ म्हणाले, जुलैत २५ केले, ऑगस्टमध्ये पुन्हा २३ वर आले आणि हंगाम संपला तेव्हा नावं मिळालेली वादळं भरली १८. भाच्याच्या कचेरीतली पोरं वादळांवर पैज लावत नाहीत, पुढच्या खेपेला हे लोक किती म्हणतील त्यावर लावतात. मला हा प्रकार फारच सुशिक्षित वाटला. आपल्याकडे वादळावर पैज लावणं शोभत नाही. २०२१च्या १६ मेला तौक्ते इथून बाहेरच्या बाहेर गेलं, तरी माड आडवे झाले आणि वीज गेली ती गेलीच. त्यावर सुरमई कोण लावेल? उरला मान्सून.

हिमालयातला बर्फ बघून ब्लॅनफर्डसाहेबाने १८८६ साली पहिला अंदाज काढला, तेव्हापासून हवामान खातं हे काम करतंय. आता एप्रिलच्या मध्याला एक आकडा येतो आणि मे संपताना दुसरा. दोन्ही देशभरच्या सरासरीच्या टक्क्यांत असतात. सरासरी म्हणजे चार महिन्यांत ८७ सेंटिमीटर. पहिल्या आकड्यात पाच टक्के इकडेतिकडे चालतात, दुसऱ्यात चार. मी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर कोष्टक मांडलं. २०१४ला ९५चे ९३ झाले, २०१५ला ९३चे थेट ८८. त्यानंतर मात्र आकडा कधी खाली आलाच नाही! २०२०ला १००चे १०२, २०२१ला ९८चे १०१, २०२२ला ९९चे १०३. आणि खरी गंमत अशी की एप्रिललाच शंभरच्या वर बोलले, की मग त्याला हात लावत नाहीत. २०१६ला १०६चे १०६, २०२४लाही १०६चे १०६. दोन उदाहरणांवरून नियम काढायला जी हिंमत लागते ती माझ्यात उपजत आहे.

२०२५च्या १५ एप्रिलला आकडा आला १०५. मी शेजारच्या तात्यांच्या खळ्यात जाऊन जाहीर केलं, ‘वाढतो तो शंभरच्या आतलाच आकडा. मे-अखेर १०५च राहणार. सुरमई लावतो.’

तात्या जाळं विणत होते. कोष्टकाकडे न बघताच म्हणाले, ‘पुढे वाढवूचोच आकडो, तर त्येंनी आताच वाढवल्यानी नसतो? तुका कळता तां त्येंका कळना नाय?’

मुद्दा बिनतोड होता. पुढची दुरुस्ती कुठल्या बाजूला जाणार हे आजच माहीत असेल, तर ती आजच करायला हवी. शहाण्या अंदाजाची दुरुस्ती आधी ओळखता येऊ नये, हेच तर त्याचं शहाणपण. पण माझ्याकडे कोष्टक होतं.

‘मग तुमचा आकडा?’

‘१०५नंतर काय येता?’

‘१०६.’

‘तर मगे १०६.’

अशा अडाणी पद्धतीशी आपली पैज लागली याचंच मला वाईट वाटलं.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. पण मी शास्त्र घरात आणलं. आमचं मंगळुरी कौलांचं घर. दोन खोल्या पर्यटकांना देतो. एप्रिलमध्ये शाकारणीला माणूस आला; फुटकी कौलं बदलून पन्हळ साफ करायची, एवढंच काम. मी त्याला सांगितलं, ‘घाई नको. सुधारित अंदाज येऊ दे. वाढला तर ताडपत्रीही घालू, नाही तर नुसती कौलं.’ मृग लागायच्या आत काम होईल, असा माझा हिशेब. देशभराच्या चार महिन्यांच्या सरासरीवरून माझ्या पडवीचं छप्पर ठरवणारा माणूस त्याने पूर्वी पाहिला नसावा. तो विडी न पेटवताच निघून गेला.

मेच्या विशीत पाऊस सुरू झाला. कोकण-गोव्यासमोर समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. आमच्या एका खोलीत कोल्हापूरचं कुटुंब होतं, स्कूबासाठी आलेलं. पहिला थेंब त्यांच्या पलंगाच्या उशीवर पडला, दुसरा फोनवर. सौ.ने टोप ठेवला, मग कळशी, मग बालदी. भांड्यागणिक सूर वेगळा, आणि कोल्हापूरच्या धाकट्या पोराने त्यावर ताल धरला. त्याच्या वडिलांनी विचारलं, ‘मान्सून आला म्हणायचा का?’

मी समजावलं, ‘छे, हा पूर्वमोसमी. केरळ आणि आसपासच्या चौदा ठरलेल्या ठिकाणांपैकी साठ टक्के ठिकाणी लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर पाऊस लागतो, शिवाय वारे आणि ढगही तपासतात. त्याशिवाय आगमन धरत नाहीत.’ बोलता बोलता मानेवर धार लागली. आमची पडवी त्या चौदात नाही.

स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘अवो, ते टक्के घेवा नि कौलांत घाला!’

२४ मेला मान्सून केरळात आला. २००९नंतर इतक्या लवकर कधी आला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो देवगडपर्यंत पोचला, म्हणजे आमच्या डोक्यावरून पुढे गेला. हवामान खात्याने केरळासाठी २७ मे सांगितलं होतं, चार दिवस इकडेतिकडे धरून. त्यात तो चोख बसला. माझ्या शाकारणीच्या तारखेत बसला नाही, एवढंच. कोल्हापूरकर उरलेल्या रात्रींचे पैसे परत मागून निघून गेले, आणि मी ते मुकाट दिले.

२७ मेला, घरात घोट्याएवढं पाणी असताना, सुधारित अंदाज आला. १०६ टक्के.

एका टक्क्याने हरलो. एक टक्का म्हणजे अख्ख्या मोसमात सेंटिमीटरभरसुद्धा नाही; तेवढं पाणी एकट्या बालदीत होतं. त्यात समुद्र खवळलेला, होड्या वर ओढलेल्या, आणि १ जूनपासून मासेमारी बंद. बर्फातली शिळी सुरमई मालवणच्या बाजारातून सोन्याच्या भावाने आणून तात्यांकडे पोचवली. शाकारणीवाला पावसातच आला. एप्रिलमध्ये सांगितलेल्या मजुरीचा सुधारित आकडा त्याने दिला, तो बरोबर दुप्पट. ही दुरुस्ती कुठल्या बाजूला जाणार हे मात्र कोष्टकाशिवायही ओळखता आलं असतं.

पण मी हार मानणाऱ्यातला नव्हे. सप्टेंबर संपला, देशाचा पाऊस भरला ९३७.२ मिलिमीटर, म्हणजे १०८ टक्के. ते छापून आलेलं कात्रण घेऊन मी खळ्यात गेलो. ‘तात्या, ना तुमचे १०६, ना माझे १०५. दोघंही चुकलो. पैज रद्द. सुरमईचे निम्मे पैसे काढा.’

तात्यांनी कात्रण नीट वाचलं, घडी घालून माझ्याच खिशात ठेवलं.

‘पावसाची पैज खय होती, झिला? सायबाच्या कागदाची होती.’