चौथ्या सीटवरचे नातेवाईक: नवशिक्यांसाठी सूचना

परक्या माणसाला घरच्यासारखं वागवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कसं वागवायचं ते कोणी सांगत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हे टिपण. प्रात्यक्षिकासाठी मुंबईची लोकल घ्यावी: सेकंड क्लास, सकाळी आठ ते दहा. इतक्या जवळ माणसं दुसरीकडे येत नाहीत.

आधी एक इशारा. 'घरच्यासारखं' म्हणजे कोणाच्या घरच्यासारखं, हे ठरवून घ्यावं. जो बायकोच्या प्रश्नाला मोबाईलमधून मान वर न करता 'हं' म्हणतो, त्यानं परक्यांना परक्यासारखंच वागवावं. त्यांचं भलं त्यातच आहे.

साहित्य फारसं लागत नाही. दादा, ताई, काका, मावशी एवढे शब्द पुरतात. वापरताना समोरच्याचं वय अंदाजापेक्षा दहा वर्षांनी कमी धरावं. चाळिशीतल्या बाईंना 'मावशी' म्हणालात तर नातं जुळण्याआधीच तुटेल. पिकल्या केसांना 'काका' चालतं. केस रंगवलेले असतील तर 'दादा', फारच काळे असतील तर 'बॉस'. "काका, जरा आत सरका" ही विनंती आहे. त्यातला 'काका' काढला की भांडण.

आता मुख्य विधी. बाक तिघांचा असतो, बसतात चौघं. चौथा अर्धा बसतो, अर्धा पॅसेजमध्ये तरंगतो. आपण खिडकीशी असू तर त्यानं मागण्याआधी सरकावं. सरकताना कपाळाला आठ्या पडल्या तर पडू द्याव्यात. घरी धाकट्या भावाला जागा देताना आपण कुठे हसत होतो? मात्र बोटभर सरकून हातभर सरकल्याचा आव आणू नये. उभ्या माणसानं "कुठे उतरणार?" विचारलं तर खरं स्टेशन सांगावं. दादर सांगून चर्चगेटपर्यंत बसून राहणारा माणूस वाटणीच्या वेळी सख्ख्या भावालाही फसवील, असं आमचं मत आहे. उतरताना ज्यानं विचारलं होतं त्यालाच जागा मिळेल, अशा बेतानं अंग वळवून उठावं. मृत्युपत्राशिवाय आणि कोर्टकचेरीशिवाय वारसाहक्क हस्तांतरित होण्याचं हे आमच्या पाहण्यातलं एकमेव उदाहरण.

लेडीज डब्यात हा अभ्यासक्रम बराच पुढे गेलेला आहे. तिथे एकीनं मटार सोलायला घेतले की शेजारची न विचारता मूठभर ओढून घेते. संक्रांतीनंतर धावत्या गाडीत हळदीकुंकू होतं, दसऱ्याला डब्यात हार-तोरणं लागतात. अर्थात नातं जडलं की चौकशीचा अधिकारही आला. मुलीचं जमलं का, सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो, नवी साडी केवढ्याला पडली. दोन दिवस गाडी चुकवलीत तर तिसऱ्या दिवशी कारण द्यावं लागतं, तेही पटेल असं. ही उलटतपासणी नको असेल तर मटार घरीच सोलावेत.

प्रगत विद्यार्थ्यांनी 26 जुलै 2005 चा अभ्यास करावा. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद पडल्या, लोक रुळांवरून आणि हायवेवरून पाण्यातून चालत निघाले. वाटेतल्या वस्त्यांमधून, सोसायट्यांमधून अनोळखी माणसं चहा, बिस्किटं, पाणी घेऊन बाहेर आली. कित्येकांनी भिजलेल्यांना रात्री घरात घेतलं. दारात उभ्या माणसाला आडनाव विचारत बसायला सवड नव्हती. त्याच शहरात कोरड्या दिवशी भाड्यानं खोली मागायला जाऊन पाहावं. आडनाव, आहार, गाव, लग्न झालंय का, नसेल तर का नाही, एवढं विचारून झाल्यावर खोली कालच गेल्याचं कळतं. तेव्हा खोली हवी असणाऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून चालत जावं, असं सुचवण्याचा मोह होतो. पण 944 मिलिमीटरची सोय दरवर्षी होत नाही.

एक अपवाद नोंदवून ठेवणं भाग आहे. बोरिवलीच्याही पुढे जाणाऱ्या विरार फास्टमध्ये बोरिवलीलाच उतरणारा प्रवासी चढला, तर वरीलपैकी कोणत्या सूचना त्याला लागू होतात? याबाबत विरारकरांचं एकमत आहे. ते छापण्याजोगं नाही.