एकरी दोन टन!

अहो वहिनी, या ना जरा कुंपणाशी. काल रात्री उशिरा पोचलो, म्हणून हाक मारली नाही. हो हो, बोट छानच. खायचं, झोपायचं आणि काठ बघायचा. पण खरी मजा आली ती तूर्नोंला उतरलो त्या दिवशी.

फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या या काठाला तूर्नों, पलीकडे तँ लेर्मिताज. मधे पायी जायचा झुलता पूल, 1847चा. हे पुलाच्या मध्यावर जे थबकले ते पुढे येईचनात. समोर टेकडी, आणि पायथ्यापासून पार वरपर्यंत द्राक्षं! तेवढ्याच टेकडीची ती एर्मिताज वाइन. सगळी मिळून साडेतीनशे एकरसुद्धा नाही, आणि नाव जगभर.

मांडव नाही हो! एकेका झाडाला एकेक खुंट. आम्ही हिंडलो तिथे ठिबकची नळीही दिसली नाही. दगडी बांध घालून पायऱ्या केल्यात. चढ असा की बरीचशी कामं हातानंच. पूर्वी पावसानं माती खाली वाहून आली की माणसं ती पाठीवर घेऊन परत वर टाकत, म्हणे. रोज काय पडत असेल हो मजुराला? आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. थंडीनं झाड झोपतं ना तिथे. आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी सांगितली, तर ती गाईड मुलगी विचारते, मग तुमचं झाड झोपतं कधी?

टेकडीवर एक छोटंसं प्रार्थनाघर आहे. तेराव्या शतकात लढायांना विटलेला कुणी सरदार तिथे एकटा राहिला, अशी कथा सांगतात. त्यापेक्षा दुसरी भानगड ऐका. एकोणिसाव्या शतकात बोर्दोवाले आपल्या वाइनला जोर यावा म्हणून इथली वाइन तिच्यात ओतायचे. चोरून नाही, चक्क मिरवून! आज कुणी करून बघावं.

मग चव घ्यायचा कार्यक्रम. चार थेंब तोंडात घोळवायचे आणि पिकदाणीत टाकायचे. यांना ते पटेना. पैसे भरलेत, थुंकायचं कशाला? चौथ्या पेल्यानंतर आमच्या गटातल्या पुणेकर बाईंना हे सिराह द्राक्षाची लागवड शिकवायला लागले. मी आपली बाटल्या चाचपत बसले. शापूतिए नावाच्या वाइनवाल्यांच्या बाटलीला हात लावला तर चिठ्ठीवर टिपके. ब्रेल लिपी हो! 1996पासून छापतात. मला ते फार आवडलं, वाइन नाही आवडली तरी.

शेवटी यांनी विचारलंच, एकरी माल किती? हेक्टरी साधारण चाळीस हेक्टोलिटर वाइन, गाईड म्हणाली. म्हणजे एकरी द्राक्षं दोन-सव्वादोन टन. त्याहून फार जास्त घ्यायला नियमच आडवा येतो. यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. आपल्याकडे दोन टन निघाले तर सोसायटीचं व्याजसुद्धा फिटायचं नाही.

आणि आता काय झालंय, सकाळपासून यांच्या डोक्यात भरलंय की यंदा निम्मे घड काढून टाकायचे, माल कसा नंबरी निघेल! पोरगा म्हणाला, खुशाल काढा, पण व्यापाऱ्याशी बोलायला तुम्हीच जा. तेव्हापासून दोघांचा अबोला. चहा मी दोन खोल्यांत वेगवेगळा नेऊन देतेय.